नुसतं बघण्याचे पैसे

भिलाईतल्या मराठी माणसाला यंत्राविषयी चार शब्द सांगायला जाणं म्हणजे तसं धाडसच. इथल्या कितीतरी घरांत आजोबा नाहीतर वडील नागपूर-भंडाऱ्याकडून आले ते पोलाद कारखान्यासाठीच. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या त्या आगीच्या तालावर जेवल्या-झोपल्या. भट्टी जुनी झाली म्हणून लगेच भंगारात काढायची, असं कुणी केलं नाही. शटडाउन घ्यायचा, आतलं झिजलेलं अस्तर उतरवायचं, नवं चढवायचं, कॅपिटल रिपेअर झाली की पुन्हा पेटवायची. बेअरिंगचा आवाज जरा बदलला की शिफ्टमधला माणूस लॉगबुकात नोंद करायचा, तापमान बघायचा, कंपन मोजायचा. पाना हातात यायचा तो त्यानंतर.

हाच माणूस निवृत्त होतो, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून कोहक्यात घर बांधतो, आणि घरातला कॉम्प्युटर हळू चालायला लागला की म्हणतो, "लय हँग होऊन राहिला जी. फॉरमॅट मारून टाका, नाहीतर नवाच घेऊ."

ना तापमान, ना नोंद, ना मोजमाप. ज्या शिस्तीवर उभा जन्म पोट भरलं, ती शिस्त घराच्या उंबरठ्याबाहेर चपलांशेजारी काढून ठेवलेली. मला या सवयीबद्दल बोलायचं आहे. कॉम्प्युटर हे निमित्त. पण निमित्तही नीट समजून घ्यावं लागतं.

मशीनभोवती आपण केवढं कर्मकांड उभं केलंय ते बघा. कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सात वेळा 'रिफ्रेश' दाबायचं. का? सगळे दाबतात म्हणून. रिफ्रेशने पडद्यावरची चिन्हं पुन्हा काढली जातात, बस्स. मेमरी मोकळी होत नाही, प्रोसेसरला उसंत मिळत नाही. दुसरं व्रत टेम्प आणि प्रीफेच ही फोल्डरं रिकामी करण्याचं. टेम्पचं ठीक आहे, थोडी जागा सुटते. पण प्रीफेचमधल्या फायली विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून स्वतःच जमवलेल्या असतात. त्या पुसल्या की पुढच्या खेपेला उलट जास्त वेळ लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'मशीन हलकं करायचं' म्हणून लोक फोटो पुसतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा करायलाच हवी, त्यात वाद नाही. पण डी ड्राइव्हमध्ये पडून असलेले लग्नाचे फोटो वेगाच्या काडीइतकेही आड येत नाहीत. आजीचे फोटो गेले, कॉम्प्युटर जिथल्या तिथे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे आमचे स्नेही घरी येऊन रिफ्रेश दाबताना मी पाहिले आहेत. कारण न विचारता उपाय करायचा, उपाय लागू पडला नाही तर तोच आणखी जोरात करायचा: हा स्वभाव बाबाकडे जाणाऱ्याचा असो की रिफ्रेशची एफ-फाइव्ह कळ बडवणाऱ्याचा, मूळ एकच.

शेजारच्या एका वहिनींचा कॉम्प्युटर मे महिन्यात बघायला गेलो होतो. त्या शिकवण्या घेतात. प्रश्नपत्रिका टाइप करतात, अधूनमधून व्हिडिओवर शिकवतात. मशीन सुरू केल्यावर चहा होऊन, पिऊन झाला तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. पैसे पडत नाहीत, कुणाला विचारावं लागत नाही. त्यात रकाने असतात. प्रोसेसर सात टक्के. मेमरी नव्वदीच्या आसपास. डिस्क शंभर टक्के, आणि तो आकडा हलायला तयार नाही. निम्मं निदान तिथेच झालं.

आत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. म्हणजे सेकंदाला १२०, एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद. वाचणारा दांडा नेमक्या जागी सरकायला आणखी जवळपास तेवढाच वेळ. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फायली मागितल्या की ही डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक मागण्या पुरवू शकते. विंडोज उठताना अशा हजारो मागण्या करतं. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं, सरकणारं काही नसतंच. तिथे तीच कामं सेकंदाला हजारोंनी उरकतात. शिवाय वहिनींच्या मशीनमध्ये मेमरी होती चार जीबी. ती भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच दमलेल्या डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. ब्राउझरच्या पंधरा टॅब उघड्या असल्या की ही ने-आण थांबतच नाही. प्रोसेसर मात्र हात बांधून बसलेला. आणि वहिनींना दुकानातून सल्ला मिळाला होता तो काय? तर प्रोसेसर जुना झाला, सगळंच बदला.

मग झाकण उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः वाकळ झाली होती. भिलाईची धूळ, पारा ४४ च्या घरात, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात. ठरावीक तापमान ओलांडलं की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. व्हिडिओवरचा वर्ग अर्ध्या तासाने अडखळायला लागायचा तो यामुळे. नेटवाल्या कंपनीला विनाकारण शिव्या बसत होत्या. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली. पातं धरायचं ते अशासाठी की ब्लोअरच्या झोताने पंखा गरगर फिरला तर त्याचंच नुकसान होतं. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून नवी लावली. बोर्डावर मेमरीचा दुसरा स्लॉट रिकामाच होता.

सुरू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमांची यादीही टास्क मॅनेजरमध्येच मिळते. त्यात दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर पहारा ठेवणारे. भाच्याने कधीतरी टाकलेला गेम. मीटिंगची तीन ॲप. आणि केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, जे अजून रोज सकाळी हजेरी लावत होतं. ज्याची गरज नाही ते बंद केलं, एक अँटिव्हायरस काढला. वहिनींनी पुढे एसएसडी आणि मेमरीची एक पट्टी घेतली. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च किरकोळ. आता मशीन चहा ठेवेपर्यंत कामाला तयार असतं.

यात विद्वत्ता कसलीच नव्हती. बघणं होतं. आणि या बघण्यालाच आपल्याकडे किंमत नाही.

सुपेल्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी पोरं बसतात. त्यांच्यातल्या एखाद्याने तासभर बसून हेच सगळं शोधलं, काही न विकता मशीन ठीक केलं आणि दोनशे रुपये मागितले, तर आपण काय म्हणतो? "काही टाकलं तर नाही ना? नुसतं बघण्याचे पैसे कसले?" हे वाक्य अशा घरात बोललं जातं जिथे कुणीतरी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली, म्हणजे नुसतं बघण्याचाच पगार घेतला. आपण सुट्या भागाचे पैसे बिनतक्रार देतो, कारण भाग हातात धरता येतो. अक्कल हातात धरता येत नाही. मग तो पोरगाही शहाणा होतो. बघणं सोडून देतो. आलं मशीन की मार फॉरमॅट, नाहीतर सांग बोर्ड गेला म्हणून. डेटाचा बॅकअप तो घेत नाही, कारण त्याचेही पैसे आपण देत नाही. त्याला लबाड म्हणण्याआधी त्याच्या लबाडीचा भाव कुणी ठरवला ते विचारायला हवं.

फॉरमॅटनंतर जे विंडोज बसतं त्याबद्दलही बोलू. तीनशे-चारशे रुपयांत जे मिळतं ते बहुतेक वेळा चोरीचं. ते चालू राहावं म्हणून एक 'ॲक्टिव्हेटर' टाकतात, आणि तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. कुलूप तोडणारं हत्यार देणारा माणूस पहारेकऱ्याला झोपवायला सांगतो आणि आपण मान डोलावतो! असल्या ॲक्टिव्हेटरबरोबर नको ते प्रोग्रॅम आत शिरतात, पाठीमागे बसून प्रोसेसर खातात, पासवर्डही नेतात. मुलाने परीक्षेत कॉपी केली तर ज्या घरात दोन दिवस जेवण गोड लागत नाही, त्या घरात या कॉपीची लाज कुणालाच नाही. फुकटच हवं असेल तर राजमार्ग आहे. लिनक्स फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि त्याच्या हलक्या आवृत्त्या जुन्या मशीनवर छान चालतात. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर मुलांच्या पिढ्या शिकवल्या. आपल्याला मात्र वाटतं, लिनक्स म्हणजे इंजिनिअरांचं काम.

'स्पीड बूस्टर', 'पीसी क्लीनर', 'रजिस्ट्री क्लीनर' ही असल्या उपायांची आणखी एक जात. बटण दाबलं की लाल अक्षरांत येतं: अमुकशे दोष सापडले, पैसे भरा, दुरुस्त करू. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, तरी धंदा जोरात. अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो. ऑफिस डेपो ही तिथली मोठी दुकानसाखळी. 'पीसी हेल्थ चेक' म्हणून ग्राहकांच्या कॉम्प्युटरची तपासणी करून द्यायची. तपासणीच्या सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात: मशीन हळू चालतं का, मध्येच बंद पडतं का, अशा धर्तीचे. एकाही प्रश्नाला होकार दिला की निकाल ठरलेला: व्हायरसची लक्षणं आहेत. तपासणीचा निकाल त्या होकारावरूनच निघत होता. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती गळ्यात. २०१९ च्या मार्चमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड होऊन ऑफिस डेपोला अडीच कोटी डॉलर आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमला एक कोटी डॉलर भरावे लागले. कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न माणसाला विचारला आणि त्याचंच उत्तर त्याला महागात विकलं. कौल लावणारे यापेक्षा वेगळं काय करतात?

आणि हे तिकडचं म्हणून हसायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर छापे घातले. त्यातल्या काही तक्रारी मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या होत्या: त्यांच्या नावाने कॉल सेंटरं चालवून परदेशी ग्राहकांना 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे' म्हणत लुबाडलं जात होतं. फोनच्या या टोकाला आपलीच इंग्रजी येणारी, नोकरी शोधणारी पोरं बसलेली. ज्ञानाला दाम न देणारा समाज अज्ञानाचा बाजार भरवतो, तो असा.

आता घरात येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. संथ मशीन घरात कुणाच्या वाट्याला येतं?

नवा लॅपटॉप घेतला जातो तो इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलासाठी, हप्त्यांवर का होईना. जुना डबा जातो बी.कॉम. करणाऱ्या मुलीकडे, नाहीतर आईकडे. 'तिला काय, नुसते फॉर्म तर भरायचे असतात.' व्यापमच्या परीक्षेचा फॉर्म भरताना पान अडकतं, सेशन संपतं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या दिवशी ती फाइल काखेत मारून फॉर्म भरून देणाऱ्या चॉइस सेंटरच्या रांगेत उभी राहते, आणि घरात ठरतं की हिला कॉम्प्युटर जमत नाही. मुलाचा गेम अडखळला तर घर डोक्यावर घेतलं जातं. आईचं मशीन दहा मिनिटं घेतं तर ती तेवढ्यात भाजी निवडून घेते. तक्रार होत नाही म्हणून दुखणं नाही असं आपण धरून चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ दरम्यान, देशात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष निघाले ५७.१ टक्के आणि स्त्रिया ३३.३ टक्के. या दरीची कारणं अनेक असतील. पण एक कारण आपल्या घरातल्या टेबलाखालच्या बंद कप्प्यात धूळ खात बसलं आहे, आणि ते काढायला सरकारची योजना लागत नाही. फुले दांपत्याच्या तसबिरीला हार घालणाऱ्या घरांना तर हे सांगावं लागू नये.

दोष सगळा आपलाच, असंही नाही. स्विस संगणकतज्ज्ञ निकलाउस व्हिर्ट यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होतं त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर संथ होत जातं. साधी चिठ्ठी पाठवणारा प्रोग्रॅमही आता पूर्वीच्या अख्ख्या मशीनपेक्षा जास्त मेमरी मागतो. विंडोज १० ची नेहमीची साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काम करणारी असंख्य मशीनं एका तारखेला 'जुनी' ठरली. ॲपलनेही डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग कंपनीच सॉफ्टवेअरमधून कमी करत होती. बॅटरी बदलली की फोन पूर्ववत. पण हे आधी कोण सांगतो? ग्राहकांना हे न सांगितल्याबद्दलच फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. मात्र जाब विचारणाऱ्याला आपल्या मशीनमध्ये किती मेमरी आहे हे तरी ठाऊक असावं.

कुणी म्हणेल, पैसे आमचे, नवं घेतलं तर तुमचं काय गेलं? जातं. टाकलेला डबा हवेत विरत नाही. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि नीट गोळा करून प्रक्रिया झालेला त्यातला हिस्सा चतुर्थांशाहूनही कमी. उरलेला कबाडीवाल्याकडे, आणि तिथून तारा जाळून तांबं काढणाऱ्यांकडे. तो धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांच्या घरी ना जुना कॉम्प्युटर असतो ना नवा. भिलाईकरांना धूर म्हणजे काय हे मी समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप वेळेचा. एवढं बघत बसायला वेळ कुणाला आहे? ज्याला रोज दहा मिनिटं गोल चक्राकडे बघत बसायला वेळ आहे, त्याला. वर्षातून एक रविवार कॅबिनेटच्या धुळीसाठी, आणि मशीन रुसलं की पहिली दोन मिनिटं टास्क मॅनेजरसाठी. शेजारी वहीत तारीख, काय दिसलं, काय केलं, एवढी नोंद. लॉगबुक लिहायची सवय असलेल्यांच्या शहरात ही काही परकी रीत नाही.

आपली मंडळं गणेशोत्सवात दहा दिवस कार्यक्रम करतात. रांगोळी, पाककृती, अंताक्षरी हे सगळं असू द्या. त्यातली एक दुपार मशीनं उघडण्याला द्यावी. कोहका, जुनवानी, स्मृतीनगर, जिथून जमेल तिथून लोकांनी आपले संथ डबे आणावेत. कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन आहेत, इंजिनिअरिंगची मुलं आहेत, सुपेल्याची दुकानदार पोरं आहेत. त्या पोरांना पाहुणे म्हणून बोलवावं आणि दुपारभराचं मानधन द्यावं, नारळ-शाल देऊन बोळवण नको. स्क्रू ड्रायव्हर धरायला आधी आया-मुलींना बसवावं. मुलगे मध्ये हात घालतील. घालू देऊ नये.

काही मशीनं खरोखरच संपलेली निघतील. दोन जीबी मेमरी, ती वाढवायची सोय नाही, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले. अशांचा मोह धरू नये. आधी डिस्क काढून घ्यावी, त्यातलं हवं ते उतरवून घ्यावं, आणि ती पूर्ण पुसल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नये. नुसतं डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅटने आतलं जात नाही. मेमरीच्या पट्ट्या आणि पॉवर सप्लाय चालू असतील तर दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतात. उरलेला सांगाडा दारावर येणाऱ्या कबाडीवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पाठवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, तेव्हा ज्या कंपनीचं मशीन, तिच्या सेवा केंद्राला परत घेता का म्हणून विचारायला संकोच करू नये. घेतलं तर पावती मागावी. आणि मंडळाच्या त्या दुपारचा हिशेब मांडताना 'तपासणी मानधन' हा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा, 'किरकोळ' मध्ये घालू नये.